कूडा कोड टूलने पोर्ट करताय? या चुका टाळा

टूल चालवलं, कंपाइल झालं, एरर नाही, म्हणजे सुटलो असं वाटतं ना, मलाही वाटलं होतं. कूडा म्हणजे एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डांसाठी कोड लिहायची पद्धत; तो कोड सिकल या खुल्या पद्धतीत नेणारं इंटेलचं सिकलोमॅटिक घ्या नाहीतर एएमडीच्या हिपमध्ये नेणारं हिपिफाय घ्या, नावं आणि सिंटॅक्स बदलून मिळतो, पण मूळ कोड लिहिणाऱ्याने एनव्हिडियाचं कार्ड डोक्यात ठेवून जे गृहीत धरलंय ते तसंच आत बसून राहतं.

सगळ्यात जास्त छळतो तो ३२ हा आकडा. कार्डावर थ्रेड गटागटाने एकत्र चालतात: एनव्हिडियाचा हा गट म्हणजे वॉर्प, ३२ थ्रेडचा, एएमडीच्या एमआय२५० कार्डवर वेव्हफ्रंट, ६४ चा, आणि इंटेलवर सब-ग्रुप, कार्डाप्रमाणे ८, १६ किंवा ३२ चा. माझ्या एका रिडक्शन कर्नलमध्ये (म्हणजे कार्डावर चालून सगळ्या आकड्यांची बेरीज करणाऱ्या फंक्शनमध्ये) शफल डाउनचा, म्हणजे गटातल्या पुढच्या थ्रेडकडून आकडा घेण्याचा, लूप सरळ १६ पासून सुरू केलेला, लेन नंबर, म्हणजे गटातला थ्रेडचा क्रमांक, मात्र वॉर्पसाइझवरून काढलेला. कूडावर वर्षानुवर्षं मस्त चाललं. हिपवर आणून १०२४ घरांत नुसता १ भरून बघितला तर उत्तर ५१२, बरोब्बर अर्धं! दोन दिवस मेमरी कॉपीवर संशय घेत बसलो आणि निघालं काय, तर प्रत्येक वेव्हफ्रंटच्या लेन ३२ कडे जमलेली बेरीज कोणी उचलतच नव्हतं. लूप वॉर्पसाइझच्या निम्म्यापासून सुरू केला, झालं काम. हो, आणि हिपमध्ये बॅलट (गटातल्या कुठल्या थ्रेडची अट खरी ठरली ते एकेका बिटने सांगणारं फंक्शन) ६४ बिटचं उत्तर देतो, ते जुन्या ३२ बिटच्या व्हेरिएबलमध्ये ठेवलंत तर वरचे ३२ थ्रेड गायब, तेही गुपचूप.

सिकलोमॅटिक कोडमध्येच डीपीसीटी आणि पुढे नंबर अशा कॉमेंट टाकतं, त्या न वाचता उडवू नका. १०४९ म्हणजे वर्क-ग्रुपचा (एकत्र कामाला लावलेल्या थ्रेडच्या मोठ्या गटाचा) साइझ डिव्हाइसच्या लिमिटबाहेर जाऊ शकतो. इंटेल म्हणतं साधारण ९० ते ९५ टक्के कोड आपोआप बदलतो, पण उरलेल्यातच इनलाइन पीटीएक्ससारखी (एनव्हिडियाची असेंब्लीसारखी भाषा थेट कोडमध्ये घुसवलेली) किचकट दुखणी असतात.

कूडातला थ्रेडचा एक्सचा इंडेक्स सिकलमध्ये डायमेन्शन २ ला गेलेला दिसतो, ते बरोबरच आहे, "उलटं झालंय" म्हणून हाताने सरळ करायला जाऊ नका, मेमरी ॲक्सेसची वाट लागते.

मग येतो क्यू, म्हणजे कार्डाला द्यायच्या कामांची रांग; कूडात तिला स्ट्रीम म्हणतात. कूडाच्या स्ट्रीममध्ये कामं एकामागोमाग होतात, सिकलचा क्यू बाय डिफॉल्ट तसं काही पाळत नाही. टूलची हेल्पर हेडर असेपर्यंत कळत नाही कारण तिचा क्यू इन-ऑर्डर, म्हणजे क्रमाने चालणारा, असतो, पुढे कोणीतरी कोड साफ करायचा म्हणून ती काढतं, स्वतःचा साधा क्यू बनवतं, आणि पॉइंटरवाल्या कोडमध्ये डिपेंडन्सी (कुठलं काम कशानंतर करायचं ते) सांगितलेली नसली की उत्तरं कधी बरोबर कधी चूक. इन-ऑर्डर प्रॉपर्टी द्या, किंवा इव्हेंट नीट जोडा.

शेवटचे डेसिमल जुळत नसतील तर लगेच घाबरू नका, इंटेलचा कंपायलर डिफॉल्टलाच फास्ट फ्लोटिंग पॉइंट मोडमध्ये असतो, तो आधी प्रिसाइजवर टाकून परत चालवा, तरीही फरक मोठा राहिला तर वर ३२ वाला पॅरा बघा.