जर्मनीत इंग्रजी शिकवायला उतरण्याआधी

जोडीदाराच्या नोकरीमुळे जर्मनीत आलेल्या आपल्या मंडळींपैकी बऱ्याच जणांकडे इंग्रजीची पदवी किंवा शिकवण्याचा अनुभव असतो. सरकारी शाळेतली कायमची नोकरी लगेच मिळेल असं धरून चालू नका. तिथे साधारणपणे दोन विषय, राज्यपरीक्षा आणि उमेदवारीचा काळ लागतो, आणि आपलं बी.एड. जसंच्या तसं चालत नाही. सुरुवात होते ती फोक्सहोखशूलेत (गावोगावची प्रौढशिक्षण केंद्रं), खाजगी भाषासंस्थांत, कंपन्यांतल्या वर्गांत आणि शाळकरी मुलांच्या शिकवणीत. सेल्टा (प्रौढांना इंग्रजी शिकवण्याचं) प्रमाणपत्र असेल तर अर्ज पुढे सरकतो.

कामाला हो म्हणण्याआधी निवासपरवान्यावरची ओळ वाचा. जोडीदार म्हणून आलेल्यांना बहुधा नोकरी आणि स्वतंत्र व्यवसाय दोन्हींची मुभा असते. विद्यार्थी परवान्यावर मानधनाचं स्वतंत्र काम परस्पर सुरू करता येत नाही, आधी परदेशी नागरिक कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. मानधनावर काम सुरू झालं की महिन्याभरात एल्स्टरवरून (करखात्याचं संकेतस्थळ) फिनान्सआम्टची (करकार्यालयाची) प्रश्नावली भरा. शिकवणं हा 'फ्रायबेरुफ' (मुक्त व्यवसाय) धरतात, त्यामुळे वेगळी धंदानोंदणी लागत नाही.

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते पेन्शनमध्ये. हाताखाली कोणी नोकर नसलेल्या स्वतंत्र शिक्षकाला सरकारी पेन्शन विमा सक्तीचा आहे. तीन महिन्यांच्या आत पेन्शन विमा संस्थेला स्वतःहून कळवायचं, आणि १८.६ टक्के हप्ता संपूर्ण आपल्याच खिशातून जातो. महिन्याचा नफा किरकोळ कामाच्या मर्यादेत (२०२५ साली ५५६ युरो) असेल तर सूट मिळते. कळवलं नाही तर काही वर्षांनी मागची बाकी एकदम येते, तेव्हा ताशी दर ठरवतानाच हा हप्ता धरा. जोडीदाराच्या आरोग्यविम्यात फुकट सामील असाल तर तिथली उत्पन्नमर्यादा आणखी खाली आहे, २०२५ साली महिना ५३५ युरो. उलट फोक्सहोखशूलेसारख्या सार्वजनिक संस्थेत जोडकाम म्हणून शिकवलं तर वर्षाकाठी ठरावीक रकमेवर (२०२५ पर्यंत ३,००० युरो) करही नाही आणि हप्ताही नाही. नफ्यासाठी चालणाऱ्या खाजगी संस्थेत ही सवलत लागू होत नाही. दर ४५ मिनिटांच्या तासाचा असतो. तयारी, सुट्ट्या आणि पटसंख्येअभावी रद्द झालेला वर्ग यांचे पैसे बहुधा मिळत नाहीत. करारात रद्द झालेल्या तासाचं कलम शोधा, नसेल तर मागा.

आता विद्यार्थी. जर्मन प्रौढाला इंग्रजी येत नाही असं क्वचितच असतं. त्याला वाचता येतं, सूचना समजतात, ईमेल जमतात. अडतं ते तोंड उघडताना, कारण चुकीचं बोलण्यापेक्षा गप्प बसणं त्याला बरं वाटतं. परदेशी सिनेमा आणि मालिका इथे जर्मन आवाजातच दाखवल्या जात, त्यामुळे मध्यमवयीन माणसाच्या कानावर इंग्रजी कमी पडलेली असते. पूर्वेकडे, लाइपझिग किंवा ड्रेस्डेनला, साठीच्या आसपासचे लोक अगदी ए१ (भाषेची सर्वांत पहिली पातळी) पासून सुरुवात करतात. पूर्व जर्मनीत पाचवीपासून रशियन सक्तीची होती आणि इंग्रजी पुढे ऐच्छिक. त्यांना 'शाळेत झालंच असेल' असं म्हणू नका, माणूस वर्गच सोडतो.

नियम त्यांना हवाच असतो. 'असंच म्हणतात' या उत्तरावर कोणी समाधानी होत नाही, आणि चूक दाखवली नाही तर शिक्षकाला येत नाही असा समज होतो. पण बोलताना मध्येच तोडलं की तो माणूस त्या दिवशी पुन्हा बोलत नाही. ९० मिनिटांच्या वर्गात पहिली १० मिनिटं जोड्यांनी बोलायला द्या, तुम्ही फिरून चुका टिपा, मग पाच वाक्यं नाव न घेता फळ्यावर लिहा आणि वर्गाकडूनच दुरुस्त करून घ्या. नियम त्याच वेळी दोन ओळींत सांगा. लांब व्याकरण पहिल्या तासाला काढलं तर सगळे वहीत डोकं घालतात आणि बोलणं तिथेच संपतं.

त्यांच्या काही चुका आपल्याही आहेत, म्हणून तयारी आधी स्वतःची करा. 'आय वर्क हिअर सिन्स फाइव्ह इयर्स' हे जर्मन वळण आहे, आणि पाच वर्षांपासून काम करतो असं म्हणणाऱ्या मराठी माणसाच्या तोंडूनही तसंच निघतं. 'अंटिल फ्रायडे' आणि 'बाय फ्रायडे' यांतला फरक जर्मनलाही जड जातो आणि आपल्यालाही, कारण आपलं 'पर्यंत' दोन्ही कामं करतं. कंपनीच्या वर्गात हा फरक पहिल्याच आठवड्यात घ्या, मुदती त्यावर चालतात. उच्चारात 'व्हेट' (पशुवैद्य) आणि 'वेट' (ओला) यांची गल्लत दोन्हीकडे होते: पहिल्यात वरचे दात खालच्या ओठाला लागतात, दुसऱ्यात ओठ गोल होतात आणि दात लागत नाहीत. शब्दाच्या शेवटी मात्र आपला फायदा आहे. जर्मन माणूस 'बॅग'चं 'बॅक' करतो, तुमच्या तोंडी दोन्ही वेगळे राहतात, तेव्हा हे शब्द जोडीने म्हणून घ्या. 'प्रीपोन', 'डू द नीडफुल', शंका या अर्थाने 'डाउट' हे आपल्याकडचे प्रयोग वर्गाबाहेर ठेवा. होकारासाठी मान दोन्ही बाजूंना डोलावणंही टाळा, इथे तो नकार वाटतो.

ब्रिटिश की अमेरिकन हा प्रश्न हमखास येतो, आणि जाहिरातीत 'मातृभाषिक' हवा असंही दिसतं. तरी अर्ज करा आणि चाचणी तास मागा. जिथे इंग्रजी तमिळ, बंगाली, पोलिश सहकाऱ्यांशी बोलायची आहे, तिथे रोज असंच काम करून आलेला शिक्षक खरोखर जास्त उपयोगाचा, हे ठामपणे सांगा.

शाळकरी मुलांचं गणित वेगळं. पंधरा वर्षांचा मुलगा यूट्यूबवरून फाडफाड बोलतो आणि लेखी परीक्षेत ४ आणतो (१ उत्तम, ६ नापास). पहिल्या तासाला तपासलेली शेवटची उत्तरपत्रिका मागा. समासातल्या शिक्षकाच्या खुणांत आर म्हणजे शुद्धलेखन, जीआर म्हणजे व्याकरण, झेड म्हणजे विरामचिन्हं, ए म्हणजे शब्दयोजना. कोणतं अक्षर जास्त आहे ते मोजा आणि महिनाभर तेवढंच घ्या. वर्गातल्या सहभागालाही गुण असतात, म्हणून उद्याच्या धड्यावर बोलायची दोन वाक्यं तयार करून पाठवा. वरच्या इयत्तांत जर्मन मजकुराचा आशय इंग्रजीत मांडायचा प्रश्न येतो. तुमची जर्मन बी२ च्या (मध्यम-वरच्या पातळीच्या) खाली असेल तर आठवीपर्यंतचीच मुलं घ्या आणि पालकांना तसं आधी सांगा.