गिटार अ‍ॅम्प आणि मोबाइल यांचे ब्लूटूथ जुळत नसेल तेव्हा

ब्लूटूथ असलेला गिटार अ‍ॅम्प घरी आणल्यावर पहिल्या आठवड्यात दोनच तक्रारी हमखास येतात. मोबाइलवर ‘कनेक्टेड’ दिसते पण गाणे मोबाइलमधूनच वाजत राहते. किंवा गाणे अ‍ॅम्पमधून छान वाजते पण कंपनीच्या अ‍ॅपला तोच अ‍ॅम्प सापडत नाही. जुळे सोलापुरात मी गिटार शिकवतो आणि अशी तक्रार घेऊन आलेल्या विद्यार्थ्याला आधी एवढेच विचारतो, की गाणे अडले आहे की अ‍ॅप. कारण त्या दोन स्वतंत्र जोडण्या आहेत आणि एकीचा उपाय दुसरीवर करत बसल्यास अख्खी संध्याकाळ वाया जाते.

गाण्याचा आवाज नेहमीच्या ब्लूटूथ ऑडिओवरून येतो, तर टोन आणि इफेक्ट बदलणारे अ‍ॅप बहुधा कमी वीज खाणाऱ्या ब्लूटूथ एलईवरून (म्हणजेच बीएलई) बोलते. म्हणूनच बॉसचा कटाना एअर ‘ऑडिओ’ आणि ‘मिडी’ (वाद्यांना सूचना देणारी संकेतपद्धती) अशा दोन नावांनी दिसतो, आणि पॉझिटिव्ह ग्रिडचा स्पार्क 40 ‘ऑडिओ’ व ‘बीएलई’ अशा नावांनी. यांपैकी ‘ऑडिओ’ हे नाव मोबाइलच्या ब्लूटूथ सेटिंगमधून जोडावे आणि दुसरे नाव तिथे न जोडता अ‍ॅपच्या आतूनच जोडावे. ते चुकून सेटिंगमधून जोडले गेले असेल, तर आधी ‘डिव्हाइस विसरा’ करावे.

तरीही अ‍ॅपला अ‍ॅम्प दिसत नसेल तर परवानग्या तपासाव्यात. अँड्रॉइड 6 ते 11 पर्यंतच्या फोनमध्ये ब्लूटूथ एलईची उपकरणे शोधण्यासाठी लोकेशनची परवानगी लागते, आणि बऱ्याचदा फोनचे लोकेशन चालूही असावे लागते. अँड्रॉइड 12 पासून त्यासाठी ‘जवळपासची डिव्हाइस’ ही वेगळी परवानगी आली. आयफोनमध्ये आयओएस 13 पासून प्रत्येक अ‍ॅपला ब्लूटूथची परवानगी स्वतंत्र द्यावी लागते, आणि पहिल्यांदा घाईत ‘नाही’ म्हटलेले असेल तर ती प्रायव्हसीच्या सेटिंगमध्ये जाऊन चालू करावी लागते.

गाणेच येत नसेल, तर अँड्रॉइडमध्ये अ‍ॅम्पच्या नावाशेजारील चक्रावर टिचकी मारून ‘मीडिया ऑडिओ’ चालू आहे ना, हे पाहावे. अनेक अ‍ॅम्पवर गिटारचा आणि गाण्याचा आवाज वेगवेगळ्या नॉबवर असतो. स्पार्क 40 वर त्यासाठी ‘म्युझिक’ नावाचा नॉब आहे आणि तो शून्यावर असताना जोडणी बिघडल्यासारखेच वाटते.

एका विद्यार्थिनीचा अ‍ॅम्प रोज संध्याकाळी सातच्या सुमारास तिच्या फोनला जुमानायचा नाही. घरी जाऊन पाहिले तर अ‍ॅम्पवरचा निळा दिवा लुकलुकत नव्हता, स्थिर होता. म्हणजे तो कुणाशी तरी आधीच जोडलेला होता. त्याच वेळी तिचे बाबा कामावरून घरी येत आणि त्यांच्या फोनने एकदा कधीतरी जोडलेला अ‍ॅम्प खालच्या खोलीतून आपोआप धरला जाई. त्या फोनमधून अ‍ॅम्पचे नाव काढून टाकताच प्रश्न मिटला.

आवाज मध्येच तुटत असेल तर अंतर आणि गर्दी पाहावी. ब्लूटूथ 2.4 गिगाहर्ट्झवर चालते. वाय-फाय, मायक्रोवेव्ह ओव्हन आणि गिटारचे बरेच वायरलेस संचही तिथेच असतात, शिवाय माणसाचे शरीर हे तरंग शोषून घेते. हुतात्मा स्मृती मंदिरासारख्या भरलेल्या सभागृहात फोन मागच्या खिशात ठेवण्याऐवजी अ‍ॅम्पवरच ठेवावा; माझ्या मते रंगमंचावर ब्लूटूथवर विसंबूच नये.

आवाज उशिरा येणे हा मात्र बिघाड नव्हे. ब्लूटूथ ऑडिओला साधारण 100 ते 300 मिलिसेकंद लागतात आणि मिनिटाला 120 मात्रांच्या लयीत मात्रेचा चौथा भाग अवघा 125 मिलिसेकंदांचा असतो. गाणे आणि गिटार दोन्ही एकाच अ‍ॅम्पमधून ऐकून वाजवल्यास हा उशीर जाणवत नाही, पण गिटार मोबाइलच्या अ‍ॅपमध्ये घेऊन तिथून ब्लूटूथने अ‍ॅम्पला पाठवल्यास ताल सांभाळणे अशक्य होते. ही रचना वायरनेच करावी.

यातले काहीच लागू पडले नाही, तर फोनमधून अ‍ॅम्पची सगळी नावे काढावीत, दोन्ही उपकरणे बंद करून चालू करावीत, माहितीपुस्तिकेप्रमाणे अ‍ॅम्प पेअरिंगला, म्हणजे नवी जोडणी स्वीकारण्याच्या स्थितीत, लावावा आणि आधी ऑडिओ, मग अ‍ॅप असे जोडावे. फर्मवेअर, म्हणजे अ‍ॅम्पच्या आतले सॉफ्टवेअर, यूएसबीवरून बदलायचे असल्यास डेटा नेणारीच केबल घ्यावी, कारण फक्त चार्जिंगच्या केबलवर संगणकाला अ‍ॅम्प दिसतच नाही. आणि मध्येच लाइट जाण्याची शक्यता असेल त्या वेळी हे काम हाती घेऊ नये.

तोपर्यंत रियाज थांबवायचे कारण नाही. अ‍ॅम्पला ऑक्स इनपुट, म्हणजे बाहेरचा आवाज वायरने घेणारे छिद्र, असेल तर 3.5 मिलिमीटरची साधी वायर पुरते. फोन चार्जिंगला असताना त्यातून गुणगुण ऐकू आली, तर चार्जर काढून पाहावे.