तेल म्हणजे बायोडिझेल नव्हे : डिझेल इंजिनात या चुका टाळा

कोल्हापूर भागात ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की ट्रॅक्टरच्या डिझेलचा खर्च अंगावर येतो, आणि मग वडे-भजी तळून उरलेले तेल गाळून थेट टाकीत ओतण्याचा मोह होतो. सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे. ४० अंश सेल्सिअसला शेंगदाणा किंवा सोयाबीन तेल डिझेलपेक्षा सुमारे दहापट दाट असते. त्यामुळे नोझलमधून (इंजिनात इंधन फवारणाऱ्या तोंडातून) त्याचा बारीक फवारा उडत नाही, अर्धवट जळलेल्या तेलाचा कार्बन पिस्टनच्या खाचांत साचतो आणि पिस्टनवरच्या रिंगा जाम होतात. १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात डिझेल इंजिन शेंगदाणा तेलावर चालले होते हे खरे; परंतु आजचे इंधन-पंप आणि नोझल पातळ डिझेल गृहीत धरून घडवलेले असतात.

मिथेनॉल (एक प्रकारचे अल्कोहोल) आणि कॉस्टिक सोड्याच्या साहाय्याने तेलातील ग्लिसरीन वेगळे केल्यावरच बायोडिझेल तयार होते. ही प्रक्रिया पूर्ण झाली की नाही, हे रंगावरून ठरवू नये. काचेच्या बाटलीत २७ मिली मिथेनॉल घेऊन त्यात ३ मिली बायोडिझेल टाकावे, बाटली हलवून थोडा वेळ स्थिर ठेवावी. द्रावण एकजीव राहिले तर ठीक. तळाशी तेलाचे थेंब बसले तर ते इंधन इंजिनात घालू नये. मिथेनॉल विषारी व ज्वालाग्राही आहे, म्हणून ही चाचणी मोकळ्या हवेत, हातमोजे घालून आणि विस्तवापासून दूर करावी.

चांगले बायोडिझेल भरल्यावरही आठवड्याभरात इंजिन ओढेनासे झाले, तर आमच्याकडे दोष लगेच इंजिनाच्या इंधन-पंपावर जातो. माझ्या मते आधी फिल्टर उघडावा. बायोडिझेल जुन्या टाकीतील वर्षानुवर्षांचा गाळ सोडवते आणि तो काळा चिखल फिल्टरमध्ये येऊन अडकतो. फिल्टर बदलून, इंधनाच्या नळीतली एअर (अडकलेली हवा) काढून इंजिन पुन्हा चालू केले की बहुतेक वेळा काम भागते. जुने रबरी पाइप मात्र फुगून मऊ पडतात, ते आधीच बदलावेत.

डिपस्टिकवर (इंजिन ऑइल मोजायच्या पट्टीवर) ऑइलची पातळी वाढलेली दिसली, तर रिंगांवाटे इंधन ऑइलमध्ये उतरत आहे असे समजून ऑइल लगेच बदलावे.

बायोडिझेल ओलावा धरते आणि काही महिन्यांत आंबते. म्हणून पावसाळ्यात ट्रॅक्टर उभा करण्यापूर्वी टाकी रिकामी करून, साधे डिझेल भरून इंजिन पंधरा-वीस मिनिटे चालवावे.