अमेरिकेतली पहिली: मुलाचा शाळेतला दिवस आणि पालकांची तयारी

भारतातून नुकत्याच आलेल्या आई-बाबांना सगळ्यात मोठी धास्ती असते इंग्रजीची. वर्गात मूल बोलेल का, बाई काय म्हणतात ते त्याला कळेल का? धास्ती रास्त आहे, पण खेळण्या-बोलण्यापुरतं इंग्रजी बहुतेक मुलं काही महिन्यांत उचलतात आणि शाळेत त्यासाठी वेगळी मदतही असते. फर्स्ट ग्रेडमध्ये मूल पहिल्या दिवसापासून अडतं ते हातांच्या कामांत. जॅकेटची चेन लावणं, डबा उघडणं, बाथरूमला एकट्याने जाऊन येणं, फोल्डर जागेवर ठेवणं. वर्गात वीस-पंचवीस मुलं आणि एक शिक्षिका. मावशी नसतात, मदतनीस असली तरी दिवसभर नसते. ज्याला आपलं आपण करता येतं ते मूल इंग्रजी येण्याआधीच वर्गात रुळतं. म्हणून शाळा सुरू होण्याआधीचे दोन आठवडे स्पेलिंग पाठ करून घेण्यात घालवू नका, खाली येणारी कामं घरी करून घ्या.

प्रवेशाचं थोडक्यात

सरकारी शाळेला फी नाही, आणि शाळा ठरते घराच्या पत्त्यावरून. जन्माचा दाखला किंवा पासपोर्ट, घराचा भाडेकरार किंवा विजेचं बिल आणि लसीकरणाची नोंद लागते. मुलाला कोणत्या इयत्तेत घालायचं ते बहुतेक वेळा वयावर ठरतं. साधारण १ सप्टेंबरच्या सुमारास सहा पूर्ण झालेलं मूल फर्स्ट ग्रेडमध्ये जातं, नेमकी तारीख राज्यागणिक बदलते. भारतात पहिली झाली आहे म्हणून सेकंड ग्रेडसाठी भांडू नका. वयाने वर्गात सगळ्यांत लहान असण्याचा त्रास पुढे अनेक वर्षं राहतो.

लसींमध्ये हमखास तीन गोष्टी राहिलेल्या निघतात. कांजिण्यांची लस भारताच्या सरकारी कार्यक्रमात नाही, इथे बहुतेक ठिकाणी तिचे दोन डोस मागतात. सरकारी केंद्रातली गोवर-रुबेलाची लस घेतली असेल तर त्यात गालगुंडाचा भाग नसतो, तो वेगळा पुरा करावा लागतो. आणि धनुर्वात-घटसर्प-डांग्या खोकला व पोलिओ यांचा एक डोस चौथ्या वाढदिवसानंतरचा असावा लागतो. टीबीची तपासणी मागितली तर डॉक्टरांना मुलाला बीसीजी दिल्याचं आठवणीने सांगा आणि रक्ताची चाचणी करता येईल का ते विचारा, कारण बीसीजीमुळे त्वचेवरची चाचणी उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते.

प्रवेशाच्या कागदांत घरी कोणती भाषा बोलता असा एक फॉर्म असतो. तिथे मराठी असं सरळ लिहा. मुलावर शिक्का बसेल या भीतीने बरेच जण इंग्रजी लिहितात आणि मुलाची हक्काची भाषेची मदत घालवतात. फॉर्मनंतर मुलाची एक छोटी चाचणी होते. त्याला पुरेसं इंग्रजी येत असेल तर प्रश्न तिथेच संपतो.

सकाळची पहिली पंधरा मिनिटं

बहुतेक पालक मुलाला गाडीने सोडतात. त्या रांगेत पालकांनी गाडीतून उतरायचं नसतं. मुलाने फुटपाथच्या बाजूला बसायचं, बूस्टर सीटचा पट्टा स्वतः काढायचा, दप्तर उचलायचं आणि उतरायचं. दहा सेकंदांचं काम आहे, पण पट्टा काढता येत नसेल तर मागे वीस गाड्या खोळंबतात आणि मूल रडवेलं होतं. घरासमोर उभ्या गाडीत हे रोज पाच-सहा वेळा करून घ्या, जाड जॅकेट घालूनही करून घ्या. घंटा झाल्यावर पोचलात तर ऑफिसातून उशिराची चिठ्ठी घ्यावी लागते आणि ती नोंद राहते.

वर्गात शिरल्यावर कामांचा क्रम ठरलेला असतो. जॅकेट आणि दप्तर हुकाला, घरून आलेला फोल्डर टोपलीत, पाण्याची बाटली जागेवर. आज शाळेचं जेवण की घरचा डबा हे दाखवण्यासाठी फळ्यावर आपल्या नावाचं चुंबक सरकवायचं, मग टेबलावर ठेवलेला कागद सोडवायला बसायचं. बाई हे दर वेळी सांगत नाहीत, पहिले काही आठवडे शिकवतात आणि मग गृहीत धरतात. मूल गोंधळलं तर त्याला एकच सांगून ठेवा: शेजारचा काय करतो ते बघ आणि तसं कर.

दप्तर पूर्ण आकाराचं घ्या, फोल्डर न दुमडता बसला पाहिजे. चाकांचं दप्तर हुकाला नीट अडकत नाही. फोल्डरमध्ये बहुधा एक कप्पा घरी ठेवायच्या कागदांचा आणि दुसरा सही करून परत पाठवायच्या कागदांचा असतो. तो रोज संध्याकाळी रिकामा करा. सहलीचा परवानगीचा कागद सही होऊन परत आला नाही तर मूल सहलीला जात नाही, फोनवर हो म्हणून चालत नाही.

यादीतलं सामान आणताना नीट वाचा. पेन्सिली, गोंदाच्या कांड्या, टिश्यू यांच्यापुढे ते सामाईक असल्याचं लिहिलं असेल तर नाव घालू नका, बाई सगळं एकत्र करून वाटतात. जॅकेट, टोपी, हातमोजे, डबा, बाटली यांवर मात्र नाव हवंच.

मग स्पीकरवर सूचना होतात आणि ध्वजाची प्रतिज्ञा म्हणतात. ती म्हणण्याची सक्ती शाळेला करता येत नाही, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४३ साली तसा निकाल दिला आहे. मुलाने शांत राहावं, एवढं पुरे.

गालिच्यावरची बैठक आणि वाचन

मुलं गालिच्यावर आपापल्या जागी मांडी घालून बसतात, एकमेकांचं नाव घेऊन नमस्कार-चमत्कार होतात, तारीख आणि हवामान सांगितलं जातं. तारखेत आधी महिना, मग दिवस; हवामान फॅरनहाइटमध्ये. इथेच नावाचा प्रश्न येतो. शाळा सुरू होण्याआधी बाईंना नावाचा उच्चार तुकडे पाडून लिहून कळवा आणि मुलालाही चुकीचा उच्चार ऐकल्यावर दोनदा शांतपणे दुरुस्त करून सांगायला शिकवा. सोयीसाठी नाव तोडून देण्याची घाई करू नका. बाईंना हाक मारताना मिस किंवा मिसेस आणि त्यांचं आडनाव, नुसतं टीचर नव्हे.

वाचनाचा तास दिवसातला सगळ्यात लांब, कधी कधी दीड तासाचा. बाई चार-पाच मुलांना घेऊन एका टेबलाशी वाचून घेतात, त्या वेळी बाकीची मुलं गटागटाने वेगवेगळ्या ठिकाणी काम करत असतात: एक गट अक्षरांचे ध्वनी जुळवतो, एक ऐकतो, एक लिहितो. भारतातून आलेली मुलं सर्वांत जास्त गोंधळतात ती इथे. बाईंनी सांगितल्याशिवाय हालायचं नाही ही सवय लागलेली असते, किंवा उलट, अडलं की मूल थेट बाईंच्या टेबलाशी जाऊन उभं राहतं. दुसऱ्या गटाचं वाचन चालू असताना तसं जायचं नसतं. बहुतेक वर्गांत आधी तीन मुलांना विचार, मग मला, असा नियम असतो. तो घरी आधीच सांगून ठेवा.

लिहिताना मुलाने शब्द कानाला ऐकू येतो तसा लिहिणं इथे अपेक्षित आहे. स्पेलिंग चुकलेला कागद घरी आला म्हणून बाई लक्ष देत नाहीत असं समजू नका. ध्वनी ओळखून तो अक्षरात उतरवण्याचा सराव चाललेला असतो, आणि शिकवून झालेले शब्द पुढे तपासले जातात. मात्र सगळं कॅपिटलमध्ये लिहायची सवय असेल तर ती मोडा. लहान लिपी, सुटी अक्षरं, दोन शब्दांत बोटभर अंतर आणि वाक्याच्या शेवटी पूर्णविराम, एवढ्यावर बाईंचं बारीक लक्ष असतं. शेवटचं अक्षर झेड नव्हे, झी.

गणितात हातचा शिकवू नका

मराठी घरातून होणारी ही सगळ्यात सामान्य आणि सगळ्यात प्रेमळ ढवळाढवळ. फर्स्ट ग्रेडमध्ये बहुतेक राज्यांत २० पर्यंतची बेरीज-वजाबाकी, १२० पर्यंतच्या संख्या, दशक-एकक, घड्याळात पूर्ण आणि अर्धा तास यांवर मुख्य भर असतो. वाचायला कमी वाटतं, पण अपेक्षा उत्तराची कमी आणि विचाराची जास्त असते. ८ + ६ करताना मुलाने सहातले २ आठला द्यायचे, १० झाले, उरले ४, म्हणून १४, आणि हे चित्र काढून किंवा तोंडी सांगता आलं पाहिजे. आकडे एकाखाली एक मांडून हातचा घेण्याची रीत इथे नंतरच्या इयत्तांत पक्की करतात. ती आधी शिकवली की मूल उत्तर बरोबर काढतं, पण कसं काढलंस याला त्याच्याकडे उत्तर नसतं आणि दशकाची समज कच्ची राहते. घरी मदत करायची असेल तर दहाच्या जोड्या करा: ७ ला किती दिले की १०, ४ ला किती. जेवताना, गाडीत, रोज दोन मिनिटं.

नाणी ओळखायलाही शिकवा. डाइम निकेलपेक्षा आकाराने लहान पण किंमत दुप्पट, १० सेंट. मुलं इथे नेहमी फसतात.

डबा, बाथरूम, मैदान

जेवणाची सुट्टी वीस ते तीस मिनिटांची, त्यातच रांग, हात धुणं आणि आवरणं. खायला हातात पंधरा मिनिटं उरतात. घरी तेवढ्या वेळाचा गजर लावून खाऊन बघायला सांगा, किती पोटात जातं ते कळेल. डबा गरम करून मिळत नाही. थर्मास द्यायचा तर आधी उकळतं पाणी भरून पाच-दहा मिनिटं ठेवा, ते ओता आणि मग गरम भात किंवा उपमा भरा. झाकण फार घट्ट पिळू नका. अन्न निवताना आतली हवा आकसते, झाकण आत ओढलं जातं आणि मोठ्यांनाही न उघडणारं झाकण घेऊन मूल उपाशी बसतं. पोळीचा रोल, पराठ्याचे तुकडे, लहान इडल्या हे निम्म्या वेळात संपतं.

शेंगदाण्याची ॲलर्जी असलेलं मूल वर्गात असेल तर शाळा तसं कळवते. मग साबुदाण्याची खिचडी, कूट घातलेली भाजी, दाण्याची चटणी, चिक्की, दाण्याचे लाडू सगळं बंद. आपल्या स्वयंपाकात कूट इतकं मुरलेलं असतं की ते लक्षातही येत नाही, म्हणून डबा भरताना थांबून विचार करा. डबा वाटून खायची आपली रीत इथे चालत नाही, तेही मुलाला आधीच समजावा. शाकाहारी असाल तर ऑफिसला आणि बाईंना लेखी कळवा, आणि मार्शमेलो व चिवट गोळ्यांत बहुधा प्राण्यांपासून केलेलं जिलेटिन असतं हे मुलाला माहीत असू द्या.

बाथरूमबद्दल कुणी बोलत नाही, पण मुलाचे सगळ्यात जास्त हाल तिथे होतात. शाळेत पाणी नसतं, कागद असतो, आणि कुणी मदतीला येत नाही. कागद किती घ्यायचा, कसा घडी करायचा, पुढून मागे कसं पुसायचं, कागद स्वच्छ दिसेपर्यंत पुन्हा करायचं, हे घरी निदान दोन आठवडे रोज करून घ्या. दाराची कडी लावणं-काढणंही शिकवा. ते जमत नाही म्हणून दिवसभर न जाणारी, पाणीही न पिणारी मुलं असतात. जीन्सऐवजी इलॅस्टिकची पँट द्या. नाव घातलेल्या पिशवीत एक जोड कपडे दप्तरात असू द्या, आणि परवानगी मागायची खूण कोणती ते बाईंना पहिल्याच दिवशी विचारा.

मैदानावर थंडीतही नेतात, फार कडाका असेल तरच आत ठेवतात. बर्फाच्या प्रदेशात क्रम शिकवा: आधी बर्फाची पँट, मग बूट, मग जॅकेट, शेवटी हातमोजे. हातमोजे आधी घातले की चेन लागत नाही आणि खेळाची निम्मी सुट्टी दारातच जाते. गमतीतला फटकाही इथे गंभीर धरतात, ऑफिसातून फोन येतो.

शाळा सुटताना आणि गैरहजेरी

मूल बसने, गाडीने की शाळेनंतरच्या पाळणाघरात जाणार हे आधी ठरवून दिलेलं असतं. बदल असेल तर ऑफिसला ठरलेल्या वेळेआधी कळवा. बाईंना दुपारी पाठवलेला मेल शाळा सुटल्यावरच वाचला जातो. आजी-आजोबा भारतातून आले असतील तर त्यांची नावं नेणाऱ्यांच्या यादीत घाला आणि पासपोर्ट जवळ ठेवायला सांगा. यादीत नाव नसलेल्या आजोबांच्या हाती मूल देत नाहीत. बसथांब्यावर मोठं माणूस दिसलं नाही तर अनेक ठिकाणी लहान मुलाला परत शाळेत नेतात.

ताप औषधाशिवाय उतरून चोवीस तास झाल्यावरच शाळेत पाठवायचं. दप्तरात कोणतंही औषध, खोकल्याची गोळीसुद्धा, ठेवायची नाही. औषध द्यायचं तर फॉर्म भरून नर्सकडे. गैरहजेरी त्याच दिवशी सकाळी कळवा. वर्षाचे दिवस बहुतेक राज्यांत १८० च्या आसपास, आणि त्यांतले दहा टक्के म्हणजे साधारण १८ दिवस बुडाले की मूल सतत गैरहजर राहणाऱ्यांत मोजलं जातं, कारण काहीही असो. भारताची महिनाभराची फेरी एवढ्यानेच ती मर्यादा ओलांडते, आणि काही ठिकाणी नाव पटावरून कमी होतं. तिकीट काढण्याआधी ऑफिसात विचारा. लग्नासाठी जायचं आहे हे प्रामाणिकपणे सांगितलेलं बरं, खोटं आजारपण लहान मूल हमखास फोडतं.

घरी आल्यावर बहुतेक बाई रोज वीस मिनिटं वाचन सांगतात. त्यातली दहा मिनिटं मराठी पुस्तक चालेल का ते विचारा, बहुतेक वेळा चालतं. प्रगतिपुस्तकात १ ते ४ आकडे असतील तर ३ म्हणजे या इयत्तेला अपेक्षित ते सगळं येतं. ४ का नाही म्हणून मुलाला धारेवर धरू नका. शरद ऋतूत बाईंबरोबर पंधरा-वीस मिनिटांची भेट असते. दुभाषा हवा असेल तर शाळेने तो विनामूल्य द्यायचा असतो, मुलाला दुभाषा करू नका. त्या भेटीत गुणांबद्दल कमी विचारा. मैदानावर कोणाबरोबर खेळतो, अडलं की मदत कशी मागतो, गालिच्यावर हात वर करतो का, डबा संपवतो का, हे प्रश्न आधी लिहून न्या, वेळ पटकन संपतो.