आरएक्सजावा वापरून अँड्रॉइड ॲपमध्ये सर्च बॉक्स कसा बांधावा

प्रवासाच्या ॲपमध्ये गाव शोधायचा बॉक्स आहे असं धरू. मराठी कीबोर्डवर कुणी 'कोल्हापूर' टाइप केलं, तर काना-मात्रा आणि हलन्त धरून ९ चिन्हं पडतात. प्रत्येक चिन्हाला सर्व्हरकडे धावलं तर ९ रिक्वेस्ट जातात, आणि उत्तरं त्याच क्रमाने परत येतील याची खात्री नसते. 'कोल'चं उत्तर सगळ्यात शेवटी आलं, तर बॉक्समध्ये कोल्हापूर आणि खाली यादीत कोलाड!

हे टायमर आणि फ्लॅग लावूनही आवरता येतं, पण तो कोड सहा महिन्यांनी वाचवत नाही. आरएक्सजावा (थोडक्यात आरएक्स) म्हणजे एकामागून एक येणाऱ्या घटनांचा प्रवाह, म्हणजे स्ट्रीम, हाताळणारी लायब्ररी. तिच्यात हेच काम पाच-सहा ओळींत होतं. नेटफ्लिक्सने ही लायब्ररी २०१३ मध्ये खुली केली आणि तिसरी मोठी आवृत्ती २०२० मध्ये आली. इथे तिसरी आवृत्ती आणि कोटलिन भाषा धरली आहे. ॲप अगदी नवीन असेल तर मी कोटलिनचा फ्लो, म्हणजे स्ट्रीमसाठीची कोटलिनची स्वतःची सोय, घ्यायला सांगेन. पण आरएक्सवर उभी असलेली ॲप्स भरपूर आहेत आणि ती नीट चालवावीच लागतात.

१. लायब्ररी जोडा. ग्रेडलमध्ये (ॲप बिल्ड करणाऱ्या साधनात) आरएक्सजावा, आरएक्सअँड्रॉइड आणि रेट्रोफिटचा (सर्व्हरला रिक्वेस्ट पाठवणाऱ्या लायब्ररीचा) आरएक्सजावा ३साठीचा ॲडाप्टर घाला. दुसऱ्या आवृत्तीचा ॲडाप्टर मिसळू नका, दोन्हींची पॅकेजेस वेगळी आहेत.

२. टाइप केलेलं स्ट्रीममध्ये सोडा. एक पब्लिशसब्जेक्ट (बाहेरून मजकूर टाकता येईल अशी स्ट्रीम) तयार करा आणि टेक्स्टवॉचरमधून (बॉक्समधला मजकूर बदलला की कळवणाऱ्या वस्तूतून) ऑननेक्स्टने मजकूर द्या. देताना टूस्ट्रिंग करूनच द्या. टेक्स्टवॉचरकडून मिळणारी एडिटेबल ही जागच्या जागी बदलणारी वस्तू आहे; ती तशीच पुढे ढकलली तर जुना आणि नवा मजकूर यांत फरकच सापडत नाही.

३. थांबायला शिकवा. आधी मॅपमध्ये ट्रिम, मग ३०० मिलिसेकंदांचा डिबाउन्स, मग डिस्टिंक्टअन्टिलचेंज्ड. बोट थांबलं की मगच मजकूर पुढे जातो, आणि तोच मजकूर लागोपाठ दोनदा जात नाही.

इथे फिल्टर लावून छोटे शब्द गाळायचा मोह होतो. तो टाळा. बॉक्स रिकामा केल्यावर फिल्टर ती रिकामी स्ट्रिंग अडवतो, म्हणून जुनी यादी तशीच राहते आणि आधीची रिक्वेस्टही रद्द होत नाही. लांबीची अट पुढच्या पायरीत, स्विचमॅपच्या आत तपासा आणि मजकूर छोटा असेल तर रिकामी यादी परत द्या. अट ठरवताना हेही पाहा, की 'पुणे' ही आपल्याला दोन अक्षरं वाटली तरी कोटलिन तिची लांबी ४ मोजतं.

४. स्विचमॅप लावा, फ्लॅटमॅप नको. फ्लॅटमॅप सगळ्या रिक्वेस्ट चालू ठेवतो आणि जे उत्तर येईल ते पुढे देतो. स्विचमॅप नवा मजकूर येताच जुनी रिक्वेस्ट सोडून देतो. कोलाडचा घोळ इथे मिटतो.

५. एरर आतच पकडा. सगळ्यात जास्त काळजी इथे घ्या. आरएक्समध्ये एरर आली की स्ट्रीम संपते, पुन्हा सुरू होत नाही. ऑनएररिटर्न (एररऐवजी आपण ठरवलेलं उत्तर देणारं ऑपरेटर) मुख्य साखळीच्या शेवटी लावलं, तर कोकण रेल्वेच्या बोगद्यात नेटवर्क गेल्यावर ॲप क्रॅश होत नाही, पण सर्च बॉक्स मुका होतो. बोगदा संपतो, रेंज येते, माणूस टाइप करत राहतो आणि यादी हलत नाही. लॉगमध्येही काही नसतं. तेच ऑनएररिटर्न स्विचमॅपच्या आत, रेट्रोफिटच्या कॉललाच जोडलं, तर फक्त ती एक रिक्वेस्ट पडते आणि बाहेरची स्ट्रीम जिवंत राहते. त्यातून नुसती रिकामी यादी देऊ नका. 'गाव सापडलं नाही' आणि 'नेटवर्क नाही' या दोन वेगळ्या स्थिती ठेवा, वापरणाऱ्याला त्यातला फरक कळलाच पाहिजे.

६. थ्रेड ठरवा. कोणतं काम कुठल्या थ्रेडवर चालेल ते शेड्युलर ठरवतो. सबस्क्राइबऑन आणि आयओ शेड्युलर आतल्या कॉलवर. ऑब्झर्वऑन आणि मेन थ्रेड (स्क्रीन बदलणारा थ्रेड) सबस्क्राइबच्या अगदी आधी. डिबाउन्स आपलं काम कॉम्प्युटेशन शेड्युलरवर करतो, त्यामुळे मेन थ्रेडवर परत यायला विसरलात तर स्क्रीनला हात लावताच ॲप पडू शकतं.

७. सोडून द्या. फ्रॅगमेंटमध्ये ऑनव्ह्यूक्रिएटेडला सबस्क्राइब करा, मिळालेलं डिस्पोजेबल (सबस्क्रिप्शन बंद करायची वस्तू) कॉम्पोझिटडिस्पोजेबलमध्ये (अशा वस्तूंच्या डब्यात) टाका आणि ऑनडिस्ट्रॉयव्ह्यूला क्लिअर म्हणा. डिस्पोज म्हणू नका. डिस्पोज झालेल्या डब्यात पुढे जे टाकाल ते तिथल्या तिथे बंद होतं, म्हणून बॅक दाबून त्याच फ्रॅगमेंटवर परतल्यावर शोध चालेनासा होतो.

८. टेस्ट लिहा. डिबाउन्सला शेड्युलर बाहेरून देता येतो. टेस्टमध्ये तिथे टेस्टशेड्युलर द्या, मजकूर सोडा, घड्याळ २९९ मिलिसेकंद पुढे न्या आणि एकही रिक्वेस्ट गेली नाही हे तपासा. मग आणखी १ मिलिसेकंद, आणि बरोबर एक रिक्वेस्ट. दुसऱ्या टेस्टमध्ये पहिल्या कॉलला एरर द्या आणि दुसरा मजकूर सोडल्यावर यादी येते का ते पाहा. पाचवी पायरी चुकली असेल तर ही टेस्ट लगेच लाल होईल.