हळदीच्या सौद्यावर तीन मिनिटांचा प्रकल्प-व्हिडिओ: आधी आवाज, मग चित्र

शाळेच्या प्रकल्पाचा व्हिडिओ बहुतेक वेळा आवाजात मार खातो. चित्र जरा हललं तरी वर्ग बघून घेतो. निवेदन ऐकू आलं नाही की अर्ध्या मिनिटात मागच्या बाकांवर गप्पा सुरू होतात. म्हणून काम उलट्या क्रमाने करा. आधी निवेदन लिहून रेकॉर्ड करा, मग त्याला लागतील तेवढीच दृश्यं टिपा. उदाहरणाला सांगलीच्या मार्केट यार्डातली हळद घेतली आहे. विषय मिरजेची तंतुवाद्यं असो की आयर्विन पूल, रीत हीच.

तीन मिनिटांना साधारण ३०० शब्द पुरतात. ४०० झाले की वाचणारा धावतो आणि ऐकणारा सोडून देतो. एका वाक्यात एकच माहिती ठेवा: ‘सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.’ बस. ‘सदर पिकाची लागवड करण्यात येते’ असली वाक्यं कागदावर शोभतात, कानाला नाही. लिहिलेलं मोठ्याने वाचा. जिथे दम लागतो तिथे वाक्य तोडा. मग वहीच्या पानावर मधोमध रेघ मारून डावीकडे निवेदन आणि उजवीकडे त्या वेळी काय दिसणार ते लिहा. उजवी बाजू रिकामी राहिली, तर एकतर ते दृश्य मिळवायचं, नाहीतर वाक्य उडवायचं. एक दृश्य सरासरी पाच सेकंद टिकतं, म्हणजे तीन मिनिटांना ३५ ते ४० दृश्यं लागतात. हा आकडा ऐकून बहुतेकांना धक्का बसतो, पण यार्डात जायच्या आधी बसलेला बरा.

निवेदनाला महागडा माईक लागत नाही. वायरवाल्या इअरफोनचा माईक तोंडापासून वीतभर लांब आणि किंचित बाजूला धरा. समोर धरला तर ‘प’, ‘फ’, ‘भ’ उच्चारताना फुंकर आपटते. पंखा बंद, फोन विमान मोडवर. मोकळ्या खोलीत आवाज घुमतो, म्हणून कपड्यांनी भरलेल्या उघड्या कपाटासमोर किंवा डोक्यावर गोधडी घेऊन वाचा. हसू येतं, पण घुमणं जातं. सुरुवातीचे दहा सेकंद काही न बोलता रेकॉर्ड करा. ऑडॅसिटी या आवाज सुधारायच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये खरखर काढताना याच शांततेचा नमुना द्यावा लागतो.

आता यार्ड. सौद्याची वेळ अडत दुकानात आधी विचारून घ्या आणि परवानगीही तिथेच मागा: ‘काका, शाळेच्या प्रकल्पासाठी शूटिंग करायचंय, चालेल का?’ हमाल पोती उचलत असतात, त्यांच्या वाटेत उभं राहू नका.

हळदीची खरी अडचण रंगाची आहे. रास चौकटभर आली की फोनला वाटतं, सगळीकडे पिवळा उजेड पडलाय. तो आपोआप निळसर छटा मिसळतो आणि पिवळीधमक हळद फिकट, मातकट दिसते. कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये (जिथे सेटिंग हाताने ठरवता येतात) जाऊन व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाच्या रंगाचं सेटिंग, ‘ऊन’वर किंवा ५५०० केल्व्हिनच्या आसपास पक्का करा. प्रो मोड नसेल तर चौकटीत पांढरं काही येऊ द्या, एखादी टोपी किंवा पावतीबुक. आत गोदामात ट्यूबलाइट असेल तर तिच्याप्रमाणे व्हाइट बॅलन्स पुन्हा बसवा. शिवाय चित्रावर पट्टे सरकताना दिसतील. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे तो उजेड सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. प्रो मोडमध्ये शटर १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवलं की पट्टे थांबतात.

बाकी साधं आहे. फोन आडवा, लेन्स रुमालाने पुसलेली, १०८० पिक्सेल, सेकंदाला ३० फ्रेम. फोर-के नको, जागा खातं आणि जुना संगणक अडकतो. प्रत्येक दृश्य हात न हलवता दहा सेकंद. तीच गोष्ट लांबून, मधून आणि अगदी जवळून घ्या. व्यापारी हळकुंड मोडून आतला रंग बघतो, ते जवळून घेतलंच पाहिजे: बोटं, ‘कट्’ असा आवाज, आतला केशरी गाभा. हा आवाज निवेदनाखाली दाबू नका, तिथे दोन सेकंद गप्प बसा.

मुलाखतीत ‘हळद चांगली आहे का?’ विचारलं तर ‘हो’ एवढंच उत्तर मिळतं. ‘चांगलं हळकुंड कसं ओळखता?’ असं विचारा आणि पूर्ण वाक्यात सांगायची विनंती करा, म्हणजे तुमचा प्रश्न कापून टाकता येतो. गलक्यात फोन बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर हवा, झूम करून उपयोग नाही. झूमने चित्र जवळ येतं, आवाज नाही.

एडिटिंगला मोबाईलवर व्हीएन, संगणकावर शॉटकट किंवा केडेनलाइव्ह पुरेत, तिन्ही फुकट. आधी निवेदनाची पट्टी टाका, मग दृश्यं त्यावर बसवा. फोन बदलत्या फ्रेमदराने रेकॉर्ड करतो, त्यामुळे लांब मुलाखतीत ओठ आणि आवाज हळूहळू सुटतात. केडेनलाइव्ह किंवा शॉटकट क्लिप टाकतानाच ती बदलून घ्यायची का विचारतं, तेव्हा ‘हो’ म्हणा. निवेदनाचा कळस, म्हणजे सर्वात मोठा आवाज, मीटरवर उणे ६ डेसिबलच्या आसपास, संगीत त्याखाली १५ ते २० डेसिबल कमी. सिनेमाचं गाणं नको, यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीतलं घ्या. दृश्य बदलताना गिरक्या आणि चमचमाट नको. सरळ काप बरा.

मराठी अक्षरं युनिकोडमध्ये टाइप करा, फॉन्ट ‘मुक्त’ (Mukta) किंवा ‘बालू’ (Baloo). काही अ‍ॅपमध्ये ‘क्ष’, ‘र्‍या’ तुटतात. तसं झालं तर अक्षरांचं चित्र बनवून वर ठेवा. शाळेचा प्रोजेक्टर उजेडात फिका पडतो, म्हणून पांढऱ्या अक्षरांमागे काळी पट्टी द्या आणि कडेपासून बोटभर जागा सोडा.

शेवटी फाइल बाहेर काढताना (एक्स्पोर्ट) प्रकार एमपी४, व्हिडिओ दाबायची पद्धत (कोडेक) एच.२६४ आणि बिटरेट ८ एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला ८ मेगाबिट, निवडा. तीन मिनिटांची फाइल साधारण १८० एमबी होते. एच.२६५ निवडलं तर शाळेतल्या जुन्या संगणकावर नुसता आवाज येण्याची शक्यता असते. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून, व्हिडिओ म्हणून पाठवली की दाबली जाऊन अक्षरं फुटतात. आणि आदल्या दिवशी पेनड्राइव्ह लावून शाळेच्याच संगणकावर एकदा चालवून बघा. प्रोजेक्टरला स्पीकर आहे का, हेही तेव्हाच कळतं. नसेल तर घरचा स्पीकर आणि त्याची वायर दप्तरात टाका.