रानभाजी शिकायची कशी? पहिला पावसाळा बाजारात, दुसरा बांधावर

मृगाचा पाऊस लागून आठ-दहा दिवस झाले की कर्जत, मुरबाड, पेण या बाजूच्या बाजारांत रस्त्याकडेला गोणपाटावर हिरवे वाटे मांडलेले दिसतात. टाकळा, शेवळं, फोडशी, कुर्डू आणि थोड्या दिवसांनी भारंगी, कंटोली. कातकरी आणि ठाकर बायका पहाटे रानात जाऊन ही भाजी खुडतात आणि उन्हं वर यायच्या आत बाजारात येतात. हे वाटे पाहिले की अनेकांना वाटतं, आपणही रानात जावं, आपल्या हातानं खुडावं. वाटणं चांगलंच आहे. पण सुरुवात रानातून करू नका, त्या गोणपाटापाशी करा. झाड ओळखता येणं हे अर्धंच काम. कुठल्या दिवसांत, कुठला भाग, कशाबरोबर शिजवायचा, हे उरलेलं अर्धं. ते फोटोवरून कळत नाही. ती भाजी आयुष्यभर खाल्लेल्या माणसाकडूनच ते घ्यावं लागतं.

पहिला पावसाळा: विकत घ्या आणि विचारा

मी पहिल्यांदा शेवळं घेतली तेव्हा विकणाऱ्या मावशी म्हणाल्या, "काकडं पण न्या." बाजूला लहान हिरव्या आंबट फळांचा वाटा होता. मला ती वेगळी वस्तू वाटली, म्हणून नेली नाहीत. शेवळं बारीक चिरून कांद्यावर परतली, खाल्ली, आणि रात्रीपर्यंत घसा खाजत राहिला. शेवळ ही सुरणाच्या जातीतली. तिच्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते जिभेला आणि घशाला टोचतात. काकडाचा आंबट रस, तेलात नीट परतणं आणि भरपूर शिजवणं, या तिन्हींनी मिळून ती खाज मोडते. त्या वाट्याशेजारचा दुसरा वाटा म्हणजे पाककृतीचा अर्धा भागच होता.

म्हणून पहिल्या वर्षी दर आठवड्याला एकच नवी भाजी घ्या आणि घेताना विचारा. कोवळं कुठपर्यंत घ्यायचं, कुठला भाग टाकायचा? उकळून पाणी फेकायचं का? आंबट घालावं लागतं का? ही भाजी किती दिवस मिळेल, आणि ती जून झाल्याचं कशावरून ओळखायचं? तुम्ही घरी कशी करता? शेवटच्या प्रश्नाला सगळ्यात लांब आणि सगळ्यात कामाचं उत्तर मिळतं. भावात घासाघीस करू नका. त्या वाट्यात पहाटेची तंगडतोड आहे, आणि तुम्हाला मिळालेली शिकवणीही.

कृषी विभाग ऑगस्टच्या सुमारास जिल्ह्याजिल्ह्यांत रानभाजी महोत्सव भरवतो. तिथे एकाच जागी ताजी झाडं आणि शिजवलेल्या भाज्या दोन्ही बघायला मिळतात. जवळ असेल तर चुकवू नका.

मग एकच झाड निवडा

दुसऱ्या वर्षी एकच भाजी घ्या आणि ती पक्की करा. माझा सल्ला टाकळ्याचा. विदर्भात यालाच तरोटा म्हणतात. पहिल्या पावसानंतर पडीक जागी, बांधावर तो गालिच्यासारखा उगवतो. तो इतका मुबलक असतो की तुम्ही दोन जुड्या नेल्या तरी काही बिघडत नाही. पानाच्या एका देठावर पर्णिकांच्या, म्हणजे छोट्या पानांच्या, तीन जोड्या, टोकाकडे रुंद आणि गोलसर. संध्याकाळी जाऊन बघा, पर्णिका मिटलेल्या दिसतील.

आता त्याचा नातेवाईक कासविंदा. त्याच्या पर्णिकांच्या जोड्या चार ते सहा असतात, त्यांची टोकं अणकुचीदार असतात आणि पान चुरगळलं की उग्र वास येतो. त्याच्या बिया मुलांच्या पोटात गेल्याने पश्चिम उत्तर प्रदेशात यकृत, स्नायू आणि मेंदूवर एकदम आघात होऊन मुलं दगावली आहेत. या कासविंद्याला काही ठिकाणी 'रानटाकळा' म्हणतात. म्हणजे नुसत्या नावावर गेलात तर फसाल. नावं दर दहा कोसांवर बदलतात, पर्णिकांच्या जोड्या बदलत नाहीत. त्या मोजा.

प्रत्येक भाजीबरोबर तिच्यासारखं दिसणारं एक झाड शिकायचं, ही सवय इथेच लावून घ्या. घोळीबरोबर नायटी शिका. दोन्ही जमिनीलगत पसरतात, पण नायटीची काडी मोडली की पांढरा चीक येतो. घोळीचा रस पाण्यासारखा असतो आणि पान मांसल. फोडशीबरोबर कळलावी शिका. फोडशीची लांब पानं जमिनीतून एकाच बुडख्यातून झुपक्यानं निघतात. कळलावीला खोड असतं, त्यावर पानं येतात आणि पानाचं टोक तणाव्यासारखं वळतं. कळलावीचा कंद तर जीवघेणा आहेच, तिचा दुसरा कुठलाही भागही तोंडात जाता कामा नये.

एक समज मनातून काढून टाका: गुरं खातात, पक्षी खातात, म्हणजे आपल्यालाही चालेल. त्यांचं पोट वेगळं, आपलं वेगळं. आणि मोबाइलवरचं ॲप सुचवेल ते नाव हा अंदाज समजा. ताटात घालायचं की नाही, हे ते झाड खाणाऱ्या माणसाला दाखवून ठरवा.

कुठे खुडायचं, कुठे नाही

आपलं शेत, ओळखीच्या शेतकऱ्याचा बांध, गावाजवळचं माळरान, तेही विचारून. राष्ट्रीय उद्यान आणि अभयारण्यांतून परवानगीशिवाय काहीही तोडून नेणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. संजय गांधी उद्यान, तानसा, फणसाड, भीमाशंकर ही सगळी त्यात आली. 2006 च्या वनहक्क कायद्यानं गौण वनोपजाचा हक्क मिळाला आहे तो जंगलात पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्यांना. शहरातून सहलीला आलेल्या आपल्याला नाही.

रेल्वे रुळांच्या कडेची, कारखान्याच्या नाल्याजवळची, महामार्गालगतची भाजी कितीही तरारलेली असो, तिथून खुडू नका. बांधावर तणनाशक मारलं आहे का, हे शेतकऱ्याला स्पष्ट विचारा. हिरव्या बांधात मधेच पिवळा पडलेला, मुरडलेला पट्टा दिसला तर ती अख्खी जागा सोडा.

पायात गमबूट, हातात काठी, कापडी पिशवी, लहानसा विळा, एवढं पुरे. कोकणातल्या दगडधोंड्यांत फुरसं हा विषारी साप असतो. हात घालण्याआधी काठीनं गवत हलवा. पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यातून चालू नका, लेप्टो तिथूनच होतो.

खुडणं

सकाळी जा. टाकळा फूल येण्याआधी, वीतभर असतानाच घ्यायचा, वरचा कोवळा शेंडा आणि दोन-तीन पानं. नखानं सहज तुटलं तर कोवळं, ओढावं लागलं तर जून. उपटू नका. शेंडा खुडला की खालून फांद्या फुटतात आणि पंधरा दिवसांनी पुन्हा भाजी मिळते. कुर्डूचंही तसंच, तुरा यायच्या आत.

फोडशीची पानं कापून घ्या, मुळं जमिनीतच राहू द्या. ही मुसळीची जात आहे आणि मुळांसाठी ती आधीच फार उकरली गेली आहे. शेवळ म्हणजे त्या झाडाचा फुलोरा, तो सगळा नेला तर फळ धरणार नाही. एका जागेवरची निम्मी तरी राहू द्या. कंटोलीच्या वेलावर चार फळं पिकायला ठेवा. खुडताना वेगवेगळ्या भाज्या एका पिशवीत कोंबू नका, घरी आल्यावर वेगळं करताना हमखास चूक होते. धोतऱ्याचं कोवळं रोप तांदुळजा-माठाच्या जुडीत याच मार्गानं शिरतं. म्हणून घरी एकेक काडी पुन्हा पाहा, आणि शंका आलेली काडी फेका.

स्वयंपाकघरात

दोन-तीन पाण्यांतून धुवा, शेवटचं पाणी मिठाचं. फोडशीच्या पानांच्या बेचक्यात माती अडकते, म्हणून पानं सुटी करून, मधला पांढरा कडक भाग काढून मग धुवा.

टाकळा बारीक चिरून, लसूण-कांद्यावर, भिजवलेली मूगडाळ किंवा फणसाच्या उकडलेल्या आठळ्या घालून परता. वरून ओलं खोबरं. त्यात पोट सैल करणारी द्रव्यं असतात, तेव्हा पहिल्यांदा वाटीभरच. भारंगी कडू. पानं उकळून, पाणी फेकून, पिळून घ्यायची आणि मग वाल किंवा हरभऱ्याच्या डाळीबरोबर करायची. थोडा कडवटपणा राहतो, तो राहू द्या, तीच तिची चव.

शेवळांसाठी हाताला तेल लावा. बाहेरची आवरणं सोलायची, आतल्या दांड्यावरचा पिवळा दाणेदार भाग काढून टाकायचा, उरलेलं अगदी बारीक चिरायचं. तेलात रंग बदलेपर्यंत परतायचं. काकडं ठेचून पिळलेला रस घालायचा आणि मंद आचेवर शिजवायचं. सीकेपी घरांत यात कोलंबी किंवा खिमा घालतात. काकडं मिळाली नाहीत तर चिंचेचा कोळ घसघशीत घाला, पण आंबटाशिवाय करू नका.

बांबूच्या कोंबांबाबत जराही ढिलाई नको. कच्च्या कोंबात सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं. पातळ चकत्या करून रात्रभर पाण्यात ठेवा, पाणी बदला, मग झाकण न ठेवता वीस-पंचवीस मिनिटं उकळा आणि तेही पाणी फेका.

आता आरोग्याचं. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीप्रमाणे रोजच्या जेवणात 100 ग्रॅम पालेभाजी हवी. मेथी-पालकाच्या फेऱ्यात अडकलेल्या घरात ती होत नाही, कंटाळा येतो. पावसाळ्यात बाजारची पालेभाजी महाग आणि चिखलानं माखलेली असते, नेमकी तेव्हा रानात ही विविधता फुकट उगवते. रानभाजीचा खरा लाभ हाच. गडद हिरव्या पानांत लोह, फोलेट, बीटा कॅरोटीन आणि चोथा असतो. घोळीत तर पालेभाज्यांत क्वचित आढळणारं ओमेगा-3 चांगल्या प्रमाणात असतं. भाजीवर लिंबू पिळलंत तर लोह जास्त शोषलं जातं, फोडणीच्या तेलानं कॅरोटीन अंगी लागतं आणि जेवणावर लगेच चहा घेतलात तर लोहाचा बराच भाग वाया जातो. पण अमुक भाजीनं मधुमेह बरा होतो, तमुक भाजीनं मुतखडा विरघळतो, असे जे संदेश फिरतात त्यांच्या भरवशावर चालू गोळ्या बंद करू नका. मुतखडा होण्याची प्रवृत्ती असेल तर घोळ, आंबुशी, अळू यांतलं ऑक्झलेट उलट त्रासाचं. वॉरफरिनसारखं रक्त पातळ करणारं औषध घेणाऱ्यांनी पालेभाजी एकदम वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारावं. गरोदर बायकांनी आणि लहान मुलांनी नव्या रानभाजीचा प्रयोग करूच नये, घरात पूर्वापार चालत आलेली असेल तरच खावी.

पहिला घास

नीट ओळखलेली, नीट शिजवलेली भाजीसुद्धा पहिल्यांदा दोन-तीन चमचेच खा, आणि एका दिवशी एकच नवी. दुसऱ्या दिवशी काही त्रास नसेल तर वाटीभर. दोन नव्या भाज्या एकत्र खाल्ल्या आणि पोट बिघडलं, तर दोष कोणाचा ते कधीच कळत नाही.

तोंड कोरडं पडणं, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होणं, बडबड, वारंवार उलट्या, यांतलं काहीही दिसलं तर घरगुती उपायात वेळ घालवू नका. 108 ला फोन करा आणि उरलेली कच्ची भाजी, शक्य असेल तर मुळासकट झाड, सोबत न्या.

अळंबीच्या वाटेला या लेखाच्या आधारानं जाऊ नका. चांदीचं नाणं काळं पडतं, लसूण काळी पडते, अशा ज्या परीक्षा सांगतात त्यांतली एकही खरी नाही. काही विषारी अळंबीची लक्षणं सहा तासांहून उशिरा दिसतात, तोवर यकृताचं नुकसान सुरू झालेलं असतं. कडू रानकंदांचंही तेच. आदिवासी घरांत त्यांच्या चकत्या उकळून वाहत्या पाण्यात ठेवून विष उतरवतात, ते त्यांच्या शेजारी बसून शिकायचं काम आहे.

वही ठेवा

एका झाडाला दोन पानं. पहिल्यांदा कुठे, कुठल्या तारखेला दिसलं, पर्णिका किती, वास कसा, कोणी दाखवलं, काय टाकलं, काय शिजवलं. भाजी खाऊन झाली की काम संपलं असं समजू नका. भाद्रपदात त्याच बांधावर परत जा. तुम्ही जूनमध्ये खुडलेला टाकळा तोवर कमरेएवढा झालेला असेल, त्याला पिवळी फुलं आणि लांब, बारीक, विळ्यासारख्या वाकलेल्या शेंगा लागलेल्या असतील. जवळच कुठे कासविंदा असेल तर त्याची चपटी, सरळ शेंग शेजारी धरून बघा आणि दोन्हींचं चित्र वहीत काढा. मग पुढच्या मृगात दोन पानांचं रोप दिसलं, तरी ते कोणाचं हे सांगता येईल.